वाइल्ड कार्ड नेमकं कुणाला द्यावं? (टेनिस)

एकहाती_बॅकहँड (ताराबाई पार्क, कोल्हापूर)
रविवार, रात्री ९:४०

जानेवारी २०२६ मध्ये नैरोबीच्या आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धेतला तो सामना बहुतेकांनी मोबाइलवर बघितला असेल. ६-०, ६-०. वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या मर्जीच्या प्रवेशावर, आलेल्या बाईंना सर्व्हिस धड नेटपलीकडं टाकता येत नव्हती. शेवटी केनियाच्या टेनिस संघटनेनं मान्य केलं की हे कार्ड द्यायला नको होतं. आमच्या सकाळच्या मंडळींत त्यावर यथेच्छ हसून झालं. मला मात्र वाटतं, नैरोबीत चूक उघडी पडली एवढंच. वाइल्ड कार्डवाला ६-३, ६-४ असा बऱ्यापैकी हरला की कुणी विचारतच नाही, हा इथं आला कसा?

ज्यांना टेनिसची फार माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रँड स्लॅमच्या (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, यूएस ओपन आणि विम्बल्डन या चार मोठ्या स्पर्धांच्या) एकेरीत १२८ खेळाडू असतात, हा झाला मुख्य ड्रॉ. त्यांतले १०४ क्रमवारीवर थेट येतात, १६ पात्रता फेरीतून घाम गाळून येतात आणि ८ जागा आयोजक स्वतःच्या मर्जीनं भरतात, तीच वाइल्ड कार्डं. पुण्यात व्हायची तसल्या एटीपी २५० (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यातल्या) स्पर्धेत अशा तीन जागा असतात. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिका यांच्या संघटना आपल्या आठांपैकी एकेक जागा एकमेकींना देतात. तुमचा एक आमच्याकडं, आमचा एक तुमच्याकडं. भारत, केनिया, पेरू यांच्याकडं ग्रँड स्लॅमच नाही, मग देवाणघेवाण करणार कशाची?

आणि या जागा नुसत्या मानाच्या नाहीत. २०२५ मध्ये विम्बल्डनला पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला ६६ हजार पौंड मिळाले. सत्तर लाखांच्या वर रुपये. दोनशेव्या क्रमांकाच्या आसपास धडपडणाऱ्या पोराचा प्रशिक्षक, फिजिओ, विमानभाडं असा वर्षभराचा खर्च त्यातून बराचसा भागतो.

माझं म्हणणं असं. मुख्य ड्रॉमधली वाइल्ड कार्डं शक्यतो खेळून मिळवायला लावावीत. आधी नियम जाहीर करा, प्लेऑफ घ्या, जिंकेल त्याला द्या. आयोजकाला मर्जी चालवायची असेल, स्थानिक पोराला संधी द्यायची असेल, तर ती पात्रता फेरीत द्यावी. तिथं पोराला त्याच्या ताकदीचे दोन-तीन सामने मिळतात. जिंकला तर मुख्य ड्रॉमध्ये जातोच, आणि मग त्याला कुणी वशिल्याचा म्हणत नाही.

कोको गॉफचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये विम्बल्डननं १५ वर्षांच्या पोरीला पात्रता फेरीचं वाइल्ड कार्ड दिलं, थेट मुख्य ड्रॉचं नाही. ती तिथून वर आली, पहिल्या फेरीत व्हीनस विल्यम्सला हरवलं आणि चौथ्या फेरीपर्यंत गेली. आपल्याकडं कोइम्बतूरची माया राजेश्वरन. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ (महिलांच्या व्यावसायिक) स्पर्धेत तिलाही पात्रतेचंच कार्ड होतं. वय तेच, १५. उपांत्य फेरीपर्यंत पोचली.

तुम्हाला काय वाटतं?


गंगावेशकर
रविवार, रात्री १०:१५

टेनिसातलं मला काय कळत नाही भावा, पण हे वाचून खासबाग आठवलं. मैदानात कुस्त्या नेमताना कमिटी काय करती? एक नंबरची जोड कुणाची लावायची, ते निवड चाचणीवर ठरतंय व्हय? कुणाच्या नावावर तिकीट खपतंय ते बघत्यात. हरियाणाचा, पंजाबचा मल्ल आणत्यात, आपल्या तालमीचं पोरगं त्याच्यासमोर उभं करत्यात. लोक ओरडायला आलेत, त्यांना ओरडायला मिळालं पाहिजे. महाराष्ट्र केसरीची गोष्ट वेगळी. तिथं जिल्ह्याची चाचणी देऊनच जायला लागतंय.

मग ही तुमची स्पर्धा म्हंजे मैदान हाय का केसरी, ते आधी ठरवा. मैदान असंल तर कमिटीची मर्जी चालणारच.


एकहाती_बॅकहँड
रविवार, रात्री १०:३२

गंगावेशकर, बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. पण मैदानात जिंकून कुणी केसरी होत नाही. टेनिसात त्याच सामन्याचे क्रमवारीचे गुण मिळतात आणि त्या गुणांवर पुढच्या स्पर्धेत थेट प्रवेश ठरतो. एका स्पर्धेतली मर्जी पुढं वर्षभर पुरते.


पुणेरी_व्हॉली
रविवार, रात्री ११:०५

मी बालेवाडीत जवळजवळ दरवर्षी जात होतो. २०१८ ते २०२३, मधलं कोविडचं २०२१ सोडलं तर, भारतातली एकमेव एटीपी स्पर्धा पुण्यात होत होती. २०२३ ला मानस धामणेला मुख्य ड्रॉचं वाइल्ड कार्ड दिलं. पुण्याचाच मुलगा, वय १५. समोर अमेरिकेचा मायकल मो. २-६, ४-६ हरला. धागाकर्त्यांच्या हिशेबानं त्याला पात्रतेत घालायला हवं होतं, नाही का?

पण त्या दिवशी स्टँडमध्ये शाळेच्या गणवेशातली पोरं होती. त्यांनी आपल्याच वयाचा मुलगा सेंटर कोर्टवर एका मुरलेल्या व्यावसायिकाची सर्व्हिस परतवताना बघितला. दुसऱ्या सेटमध्ये तर त्यानं मोला चांगलाच घाम फोडला. पात्रता फेरीला बघायला माणूस नसतो हो. बॉलबॉय आणि आईवडील.

स्पर्धा भरवायला पैसा लागतो. राज्य सरकार, प्रायोजक, राज्याची टेनिस संघटना एमएसएलटीए, सगळ्यांनी हात लावला म्हणून ती पाच वेळा झाली. त्या बदल्यात तीन जागा इथल्या खेळाडूंना गेल्या तर त्यात पाप काय? आणि एवढं करूनही ती तारीख शेवटी हाँगकाँगला गेलीच.


ओळीच्या_आत
सोमवार, सकाळी ७:२०

बरीच वर्षं खुर्चीवर आणि रेषेवर पंच म्हणून बसलोय, म्हणून काही गोष्टी सांगतो. आयोजकाची मर्जी म्हणजे मोकाट मर्जी नाही.

एटीपीच्या दौऱ्यावर एका खेळाडूला वर्षाला मुख्य ड्रॉची पाचच वाइल्ड कार्डं घेता येतात, माजी ग्रँड स्लॅम विजेत्यांना सूट आहे. डब्ल्यूटीएतही मर्यादा आहे, शिवाय १८ वर्षांखालच्या मुलींनी वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या तेही वयानुसार ठरलेलं आहे. वाइल्ड कार्डसाठी पैसे मागणं, देणं, घेणं हा टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांखाली गुन्हा आहे. बंदी येते.

आता ही जागा असतेच कशाला? ग्रँड स्लॅमची प्रवेश यादी साधारण सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर लागते. त्या सहा आठवड्यांत एखादी पोरगी सुसाट सुटली तर यादीला ते दिसतच नाही. तिला आत घ्यायला एक दार लागतं. आजारपणातून, दुखापतीतून उठलेल्यांसाठी एक दार लागतं. हे दोन उपयोग मला पूर्ण मान्य आहेत. बाकीचे उपयोग म्हणजे तिकीटविक्री.


मायलेकी
सोमवार, सकाळी ११:४८

मी टेनिस खेळत नाही, लेकीला घेऊन फिरते. त्यामुळं माझी बाजू जरा कडवट वाटेल.

एका शहरात (नाव घेत नाही) एआयटीएची (अखिल भारतीय टेनिस संघटनेची) मुलींची स्पर्धा होती. लेक पात्रता खेळत होती. मार्चचं ऊन, एका दिवसात दोन सामने, शेवटच्या फेरीत तिसऱ्या सेटमध्ये हरली. रडली, मीही रडले, ठीक आहे, हरली म्हणजे हरली. दुसऱ्या दिवशी मुख्य ड्रॉ लागला. वाइल्ड कार्डं ज्या अकॅडमीच्या कोर्टवर स्पर्धा होती तिथल्याच मुलींना. त्यांतल्या एकीनं तर पहिल्या सामन्याला वॉकओव्हर दिला, शाळेची परीक्षा होती म्हणे! मग घेतलंच कशाला कार्ड? तक्रार कुणाकडं करायची तेही कळेना. ज्यांच्याकडं करायची तेच कार्ड देणारे.

विम्बल्डनचं तुम्ही बोलताय ते मोठं आहे. खाली १२-१४ वर्षांच्या मुलींमध्ये जे चालतं त्यावर कॅमेरा नसतो. कोल्हापूरच्या मुलांना तर प्रत्येक स्पर्धेला बाहेरच जायला लागतं. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस नाहीतर पहाटेची एसटी, लॉजचं भाडं, रॅकेटच्या तारांचं गटिंग. एवढं करून गेल्यावर निदान नियम तरी भिंतीवर लावलेला असावा, की वाइल्ड कार्ड कशावर देणार आहात.


रंकाळा_सनसेट
सोमवार, दुपारी १२:३०

मायलेकी ताई, +१००.

आपल्या ऐश्वर्या जाधवनं २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळून दाखवलंच होतं की. कोल्हापुरात फुटबॉल आणि कुस्तीपुढं टेनिसला कोण विचारत नाही, तरी पोरं तयार होतात. त्यांना मर्जीचं कार्ड कोण देणार? चाचणी असेल तरच आपला नंबर लागायचा.


गंगावेशकर
सोमवार, दुपारी १:०२

चाचणीवरनं सांगतो. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला जायच्या आधी त्यांना डावललं होतं. एक गुण मुद्दाम कमी दिला असं सांगत्यात. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांनी निरंजन दासबरोबर परत कुस्ती लावली. खाशाबांनी चितपट केलं आणि हेलसिंकीवरनं कांस्य आणलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं त्यांच्या खर्चासाठी. परत एकदा कुस्ती लावली म्हणून मेडल आलं. मर्जीवर सोडलं असतं तर?

रात्री मैदान मैदान करत होतो, पण ताईंचं वाचून वाटलं, पोराबाळांच्या स्पर्धेत तरी चाचणीच पाहिजे.


तिसरा_सेट
सोमवार, दुपारी ३:१५

धागाकर्त्यांचा प्लेऑफचा आग्रह ऐकायला गोड आहे. पण टेनिसच्या इतिहासातल्या सगळ्यात भारी गोष्टी मर्जीच्या कार्डांतूनच आल्यात, त्याचं काय करायचं?

गोरान इव्हानिसेविच. २००१, क्रमवारीत १२५वा, खांदा कामातनं गेलेला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पात्रता फेरीतच हरलेला. म्हणजे तुमच्या चाचणीत नापास! विम्बल्डननं जुन्या ओळखीवर कार्ड दिलं, कारण तीनदा अंतिम फेरीत हरलेला माणूस. सोमवारी लांबलेल्या फायनलमध्ये रॅफ्टरला पाच सेटमध्ये हरवून तो जिंकला.

किम क्लायस्टर्स. २००९, निवृत्तीतून परत, मांडीवर लेक. यूएस ओपनचं कार्ड, आणि विजेतेपद.

सोमदेव देववर्मन. २००९, चेन्नई ओपन, क्रमवारी दोनशेच्या पलीकडं. मोया आणि कार्लोविचला हरवून अंतिम फेरीत गेला. चिलिचकडून हरला, पण भारताला एक एकेरीचा खेळाडू मिळाला.

आणि परवाचीच लोइस ब्वासाँ. २०२५, पॅरिसची फ्रेंच ओपन, क्रमांक ३६१. आदल्या वर्षीही तिला कार्ड मिळालं होतं, ऐन स्पर्धेच्या तोंडावर गुडघा गेला. परत दिलं. पेगुला आणि आंद्रेयेवाला हरवून थेट उपांत्य फेरी. ३६१व्या क्रमांकाच्या पोरीला पात्रतेत घातली असती तर आधीच तीन सामने खेळून गुडघा पुन्हा बोलला असता.


एकहाती_बॅकहँड
सोमवार, सायंकाळी ६:५०

तिसरा_सेट, यादी जबरदस्त. पण जिंकलेलेच मोजायचे असतील तर कुठलीही पद्धत चांगली ठरते. दरवर्षी चार ग्रँड स्लॅम, प्रत्येकी पुरुषांची आठ, महिलांची आठ. त्यातले बहुतेक पहिल्या दोन फेऱ्यांत गारद होतात आणि त्यांची नावं आपल्याला आठवतही नाहीत. विम्बल्डनच्या ब्रिटिश वाइल्ड कार्डांची तर तिथले लोकच दरवर्षी टिंगल करतात.

ब्वासाँचा मुद्दा मात्र घेतो. दुखापतीनं हुकलेली संधी परत देणं हा ओळीच्या_आत सरांनी सांगितलेला उपयोगच आहे. पण दुखापतग्रस्तांसाठी संरक्षित क्रमवारी नावाची सोय आहे हे विसरू नका. बराच काळ बाहेर राहिलेला खेळाडू जुन्या क्रमांकावर ठरावीक स्पर्धा खेळू शकतो. २०२४ मध्ये नदाल पॅरिसला खेळला तो संरक्षित क्रमवारीवर, कार्डावर नाही. चौदा वेळचा विजेता, तरी त्यानं तिथली कार्डाची एक जागा खाल्ली नाही. मला हे फार आवडलं होतं.

याउलट २०२०. अँडी मरेला पॅरिसनं कार्ड दिलं. वावरिंकाकडून ६-१, ६-३, ६-२. माजी विजेता मॅट्स विलँडर जाहीरपणे म्हणाला की मरेनं विचार करावा, आपण तरुण पोरांची जागा अडवतोय का. लोकांनी विलँडरला शिव्या घातल्या. माझ्या मते तो बरोबर होता.


पुणेरी_व्हॉली
सोमवार, सायंकाळी ७:२२

मरे दोनदा विम्बल्डन, एकदा यूएस ओपन, दोन ऑलिंपिक सुवर्णं. कमरेत धातूचा सांधा घालून परत आला. त्याला एक जागा दिली तर टेनिस बुडत नाही. कोल्हापूरकरांचं मन मोठं असतं असं ऐकून होतो.


एकहाती_बॅकहँड
सोमवार, सायंकाळी ७:३०

जेवायला वाढताना मोठं असतं. ड्रॉ लावताना नाही.


चंदगडी_काजू
सोमवार, रात्री ९:१०

शारापोव्हाचं कुणी काढलं नाही अजून. २०१७, पंधरा महिन्यांची डोपिंगची बंदी संपवून आली. श्टुटगार्टनं लगेच कार्ड दिलं. फ्रान्सच्या संघटनेनं दिलं नाही. त्यांचे अध्यक्ष ज्युदिचेल्ली यांची भूमिका सरळ होती: दुखापतीतून परतणाऱ्याला कार्ड देऊ, डोपिंगमधून परतणाऱ्याला नाही. दोन वेळची विजेती असूनही. मग यूएस ओपननं दिलं आणि तिनं पहिल्याच फेरीत हालेपला घरी पाठवलं.

मला पटतं ते फ्रान्सचं. बंदी संपली म्हणजे खेळायचा हक्क परत मिळाला, मान्य. लाल गालिचाचा हक्क नाही मिळाला.


तिसरा_सेट
सोमवार, रात्री ९:४५

चंदगडी, इथं सहमत. आणि एजन्सीचं पण बोला. मायामीची स्पर्धा वर्षानुवर्षं आयएमजी कंपनीच्या हातात होती आणि तीच कंपनी खेळाडूंची एजंट. आपल्याच खेळाडूला आपल्याच स्पर्धेत कार्ड. नैरोबीपेक्षा हे जास्त विचार करण्यासारखं नाही का?

तरीपण (मीच माझ्या विरोधात बोलतोय बघा) २०२५ ला तिथंच फिलिपिन्सच्या ॲलेक्झांड्रा इयालाला कार्ड मिळालं. क्रमांक १४०. ओस्टापेन्को, मॅडिसन कीज, श्वियाँतेक, तिघींना हरवून उपांत्य फेरी. फिलिपिन्सकडं कुठली ग्रँड स्लॅम आहे देवाणघेवाण करायला? एजंट नसता तर ती पोरगी तिथं पोचली असती का?


ओळीच्या_आत
मंगळवार, सकाळी ६:५५

इयालाचं उदाहरण अवघड आहे खरं. पण १४०वा क्रमांक म्हणजे मायामीच्या पात्रता फेरीच्या दारातच उभी होती ती. तिला दार उघडलं, छपरावरून आत सोडलं नाही. माझ्या हिशेबानं क्रमांकाचा एक तळ ठरवावा. त्याच्या खालच्याला मुख्य ड्रॉचं कार्ड नाही, फार तर पात्रतेचं.

राष्ट्रीय संघटनांच्या हातात शिफारस दिली की काय होतं तेही बघा. सुमित नागल. ऑस्ट्रेलियन ओपन २०२४ च्या आशिया-पॅसिफिक प्लेऑफसाठी एआयटीएनं त्याचं नाव पाठवलं नाही, देशादेशांमधला डेव्हिस कप खेळायला नकार दिला म्हणून, अशा बातम्या होत्या. म्हणजे प्लेऑफ आहे, पण प्लेऑफला जायलाच मर्जी. धागाकर्त्यांनी याचं उत्तर द्यावं. नागल शेवटी पात्रता फेरीतून गेला, तीन सामने जिंकला आणि पहिल्या फेरीत ३१व्या मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णननं विलँडरला हरवलं होतं, त्यानंतर ३५ वर्षांनी एखाद्या भारतीय पुरुषानं ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकिताला हरवलं. काही महिन्यांपूर्वी त्याच्या खात्यात ९०० युरो होते असं त्यानंच सांगितलं होतं.


एकहाती_बॅकहँड
मंगळवार, सकाळी ८:१०

सर, उत्तर एवढंच की प्लेऑफला नावं संघटनेनं पाठवायची नाहीत, क्रमवारीनं घ्यायची. अमेरिकेत काही ठरावीक आठवड्यांतल्या ठरावीक स्पर्धांचे गुण मोजतात, ज्याचे जास्त त्याला फ्रेंच किंवा ऑस्ट्रेलियन ओपनचं कार्ड. कुणाला फोन करायला लागत नाही. आपल्याकडं देशात होणाऱ्या आयटीएफ आणि चॅलेंजर स्पर्धांवर असंच करता येईल. पुरुषांच्या आयटीएफ स्पर्धेत ३२ जणांत चार वाइल्ड कार्डं असतात. दोन गुणांवर द्या, दोन आयोजकाला ठेवू द्या. सगळी काढून घ्या असं मी म्हणतच नाही. पुणेरी_व्हॉलींचे प्रायोजक पळून जातील.

आणि नागलनं बुब्लिकला हरवलं ते पात्रतेतून येऊन. तीन सामने जिंकून आलेला खेळाडू त्या कोर्टला सरावलेला असतो. ब्रिटनची एमा राडुकानूही तशीच. २०२१ ला विम्बल्डननं ३३८व्या क्रमांकावर कार्ड दिलं, चौथ्या फेरीपर्यंत गेली. पण यूएस ओपन जिंकली ती पात्रता फेरीतून.


पुणेरी_व्हॉली
मंगळवार, सकाळी ८:४०

...आणि विम्बल्डनच्या त्या कार्डाचे गुण नसते तर ती यूएस ओपनच्या पात्रतेत तरी असती का? बघा जरा. २००५ ला सानियाला ऑस्ट्रेलियाचं कार्ड मिळालं, तिसऱ्या फेरीत सेरेनासमोर खेळली, आणि त्यानंतर आपल्या घरातल्या आजीलासुद्धा टेनिस कळायला लागलं. सगळं काही गुणांत मोजता येत नाही.


एकहाती_बॅकहँड
मंगळवार, सकाळी ८:५२

राडुकानूचा मुद्दा टोचला. सानियाचा नाही. ती २००३ ची विम्बल्डन ज्युनिअर दुहेरी विजेती होती, कुणी रस्त्यावरून उचलून आणली नव्हती.


मायलेकी
मंगळवार, दुपारी २:१५

तुमचं चालू द्या. मला एक विचारायचंय. लेक आता पहिल्यांदाच महिलांच्या छोट्या आयटीएफ स्पर्धेला नाव देणार आहे. मुख्य ड्रॉ मिळणार नाही हे माहीत आहे. आयोजकांना वाइल्ड कार्डसाठी पत्र लिहावं का? आणि मुख्य ड्रॉमधून कुणी ऐनवेळी बाहेर पडलं तर ती जागा पुन्हा त्यांच्या मर्जीनंच भरतात का?


ओळीच्या_आत
मंगळवार, दुपारी ३:४०

पत्र जरूर लिहा, त्यात कमीपणा काही नाही. वय, क्रमांक, अलीकडचे निकाल, एवढंच. प्रशिक्षकाच्या सहीनं गेलं तर बरं. आणि मुख्य ड्रॉपेक्षा पात्रतेचं कार्ड मागा, ते मिळायची शक्यता जास्त.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पात्रता फेरी सुरू झाल्यावर मुख्य ड्रॉमधली जागा रिकामी झाली, तर ती पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी एकीला जाते. लकी लूझर म्हणतात. त्यासाठी दिलेल्या वेळेत ऑफिसात येऊन सही करावी लागते. हरल्यावर मुली तडक लॉजवर निघून जातात आणि जागा दुसरीला जाते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. परतीचं तिकीट मुख्य ड्रॉची पहिली फेरी संपल्यावरचं काढा.


मायलेकी
मंगळवार, दुपारी ३:५५

हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. महालक्ष्मीचं बुकिंग बदलते लगेच. धन्यवाद सर.